चुकांचीं नांवें

टेमघर हें नांव उच्चारलें कीं पुण्याकडील माणसाला मुठा नदीवरील धरण आठवतें. भिवंडीचें टेमघर निराळें. शहाड येथें उल्हास नदींतून उचललेलें पाणी या टेमघरास शुद्ध होतें आणि मग ठाणें, भिवंडी व मीरा-भाईंदर या शहरांकडे आणि कित्येक गांवांकडे जातें. नळाची तोटी सोडणाऱ्या गृहिणीला या प्रवासाची वार्ताहि नसते, आणि नसावी हेंच ठीक. पण तो प्रवास निर्वेध व्हावा म्हणून जीं मोजमापें रात्रंदिवस घ्यावीं लागतात त्यांत क्लोरीनचें माप मोठ्या मोलाचें आहे. भारतीय मानक १०५०० याच्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणें, क्लोरीन घातलेलें पाणी ग्राहकाकडे पोंचतांना त्यांत लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असला पाहिजे.

अशा एखाद्या जलशुद्धीकरण केंद्रावर क्लोरीनचें मापकयंत्र संगणकाला जोडलेलें आहे, आणि तें माप वाचून क्लोरीनची मात्रा कमीअधिक करणारी एक आज्ञावली तेथें चालते, अशी कल्पना करावी. (उदाहरण केवळ समजुतीसाठीं आहे, टेमघरास प्रत्यक्ष काय चालतें याच्याशीं त्याचा संबंध नाहीं.) मध्यरात्रीं मापकाची तार सुटते. आज्ञावली विचारते, "क्लोरीन किती?" मापक गप्प. आतां माप वाचणाऱ्या भागानें वरच्या भागाला उत्तर काय द्यावें?

जुना परिपाठ असा कीं, कांहीं तरी आंकडा द्यावाच: शून्य, नाहीं तर उणें एक. 'सी' भाषेंत हा परिपाठ चांगलाच रुळला. तिच्यांतील अक्षरांचा आंकडा करून देणारें 'एटूआय' हें साधन, समोर एकहि अंक न सापडल्यास शून्य परत करतें. आणि शून्य हा अंक खरोखरच लिहिलेला असला तरीहि शून्यच! वरील उदाहरणांत याचा परिणाम काय होईल? पाण्यांत क्लोरीन मुळींच उरला नाहीं असें समजून वरचा भाग चांगल्या पाण्यांत क्लोरीनचा मारा सुरू करील. 'माप शून्य आहे' आणि 'माप मिळालें नाहीं' या दोन अगदीं भिन्न गोष्टी, पण दोहोंचा पोशाख एकच झाला.

हा केवळ तर्क नव्हे. ४ जून १९९६ रोजीं 'एरियन ५' या यूरोपीय अग्निबाणाचें पहिलें उड्डाण झालें. त्यांतील दिशादर्शक यंत्राच्या आज्ञावलीनें ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेंत बसविण्याचा यत्न केला. ती मावली नाहीं. जोडीचें राखीव यंत्र याच कारणानें क्षणभर आधीं थांबलेलें होतें. थांबतांना यंत्रानें आपल्या बिघाडाची खूण मुख्य संगणकाकडे धाडली, आणि मुख्य संगणकानें ती उड्डाणाचें माप म्हणून वाचली. मुळांत न झालेली दिशाचूक सुधारण्यासाठीं त्यानें नळकांडीं वळविलीं, आणि उड्डाणापासून सुमारें ४० सेकंदांत अग्निबाण आकाशांत फुटला.

'रस्ट' ही यंत्राच्या निकट राहून काम करणारी एक नवी भाषा. ग्रेडन होर यांनीं २००६ सालीं ती स्वतःपुरती आरंभिली. राहत्या इमारतीची लिफ्ट आज्ञावलीच्या बिघाडानें बंद पडून जिने चढावे लागले, त्या वैतागांतून हा विचार निघाला असें सांगतात. १५ मे २०१५ रोजीं तिची पहिली स्थिर आवृत्ति प्रसिद्ध झाली. नांवाचा अर्थ लोखंडाचा गंज असा पुष्कळ जण करतात. होर यांच्या मनांत मात्र पिकावर पडणारा तांबेरा होता. कसल्याहि हवेंत तग धरणारी ती चिवट बुरशी.

या भाषेंत जें काम फसूं शकतें त्याचें उत्तर उघडें न देतां 'रिझल्ट' नांवाच्या बंद पुडींतून देण्याचा रिवाज आहे. पुडीवर 'ओके' अशी खूण असली तर आंत माप असतें; 'एर' अशी खूण असली तर आंत चूक असते. खूण पाहून पुडी उलगडल्याखेरीज आंकडा हातीं लागत नाहीं, त्यामुळें चुकीला माप समजण्याची वाटच उरत नाहीं.

पण 'आंत चूक असते' म्हणजे काय असतें? आज्ञावलीकाराचें खरें काम येथें सुरू होतें. पुष्कळ जण पुडींत एखादें वाक्य घालतात: 'मापक बंद आहे.' माणसाला तें कळतें. परंतु आज्ञावलीच्या वरच्या भागाला निर्णय घ्यावयाचा तर त्यानें तें वाक्य वाचून अर्थ लावावा लागतो, आणि उद्यां कोणी 'बंद आहे'चें 'बंद पडला' केलें कीं सारें फसतें. म्हणून चुकीचा स्वतंत्र प्रकार निर्माण करावा. 'एनम' या शब्दानें हें साधतें; ती संभाव्य चुकांची नांवनिशीवार यादीच होय. २०२१ मधील १.५३ या आवृत्तीपासून रस्टमध्यें अशीं नांवें देवनागरींतहि लिहितां येतात. तेव्हां 'मोजणीचूक' या प्रकाराखालीं दोन नांवें घालावीं: 'मापकमौन', सोबत किती सेकंद उत्तर आलें नाहीं तो आंकडा, आणि 'अशक्यमाप', सोबत आलेला विचित्र आंकडा, जसें उणें तीन.

येथें एक बारकावा आहे. क्लोरीन ०.१ भरला तर ती मोजणीची चूक नव्हे. मोजणी उत्तम झाली. तिचें उत्तर 'ओके'च. अडचण आहे ती पाणी पुढें सोडण्याच्या कामांत. म्हणून त्या वरच्या कामासाठीं 'जलचूक' हा दुसरा प्रकार हवा. त्यांत 'क्लोरीनन्यून', 'गढूळ', आणि तिसरें 'मोजणी', ज्याच्या पोटांत खालची मोजणीचूक जशीच्या तशी राहते. खालच्या चुकीचें वरच्या चुकींत रूपांतर कसें व्हावें हें 'फ्रॉम' नांवाच्या करारांत एकदां सांगून ठेवलें कीं पुढें जागोजागीं केवळ एक प्रश्नचिन्ह लिहून भागतें: चूक आढळतांच तें काम तेथेंच थांबतें, आणि चूक योग्य वेष्टनांत वर जाते. माणसानें वाचावयाचें वाक्य 'डिस्प्ले' या करारानें द्यावें आणि मूळ कारण विचारण्याची सोय 'एरर' या करारानें करावी, कीं प्रकार पुरा झाला. हा मजकूर दर वेळीं हातानें लिहिणें कंटाळवाणें असल्यामुळें 'दिसएरर' हें तयार साधन पुष्कळ जण वापरतात.

या खटाटोपाचा सर्वांत मोठा लाभ पुढेंच आहे. 'मॅच' वापरून कोणत्या चुकीवर काय करावें हें लिहितांना यादींतील एकहि नांव गाळलें, तर कंपायलर आज्ञावली तयार करण्यासच नकार देतो. समजा, पावसाळ्यांत नदीचें पाणी गढूळ होऊं लागलें म्हणून 'तुरटीन्यून' हें नवें नांव यादींत घातलें. त्याचा विचार जेथें जेथें झालेला नाहीं तीं ठिकाणें कंपायलर त्याच दिवशीं दाखवितो. मात्र 'बाकी सर्व' अशा अर्थाची एक आडवी रेघ शेवटीं ओढून मोकळें होणाऱ्या आळशी हाताला हा पहारेकरी कांहींच सांगत नाहीं. 'अनरॅप' ही त्याहूनहि वाईट पळवाट. खूण न पाहतां पुडी फाडावयाची. आंत चूक निघाली तर आज्ञावलीच कोसळते. १८ नोव्हेंबर २०२५ रोजीं क्लाउडफ्लेअरची सेवा जगभर विस्कळित झाली, तेव्हां प्रमाणाबाहेर वाढलेल्या एका फाइलीमुळें उद्भवलेली चूक रस्टमध्येंच लिहिलेल्या भागांतील अशाच एका 'अनरॅप'वर येऊन आदळली होती.

नांवें किती ठेवावीं, याविषयीं नवशिके बहुधा अतिरेक करतात. कसोटी एवढीच कीं, ऐकणारा त्या नांवावरून कांहीं निराळें करणार आहे काय? तार सुटली काय किंवा मापकाची वीज गेली काय, रात्रपाळीच्या माणसाला दोन्ही वेळां क्लोरीनची मात्रा आहे तेथेंच रोखून क्लोरोस्कोपनें हातीं नमुना तपासावयाचा असतो. त्याला 'मापकमौन' हें एकच नांव पुरें. 'अशक्यमाप' मात्र त्यांत मिसळूं नये. तेथें मापक बोलत असतो, पण खोटें. तार कितीहि चाचपली तरी उपयोग नाहीं, तो उतरवून पुन्हां जुळवावाच लागतो.