विरारच्या पुढचा सीझन

महिलांची वरिष्ठ एकदिवसीय स्पर्धा बीसीसीआयच्या छताखाली २००६-०७ पासून सुरू आहे आणि तिच्यावर रेल्वेचा शिक्का आहे. २०११-१२ला दिल्ली, २०१८-१९ला बंगाल, २०२४-२५ला मध्य प्रदेश अशी करंडक रेल्वेच्या हातून निसटल्याची उदाहरणं मोजकीच. पश्चिम रेल्वेत नोकरी करणाऱ्या डायना एडुलजींनी रेल्वेचा महिला संघ उभा राहावा म्हणून जीव तोडून प्रयत्न केले. पोरींना पगार मिळाला, सराव मिळाला, आणि बाकीचे संघ वर्षानुवर्षं मागे राहिले. १९७३ साली पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा तर मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते.

त्याच पश्चिम रेल्वेवर, चर्चगेटपासून साधारण १०० किलोमीटरवर बोईसर आहे. पालघर जिल्हा मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतो, म्हणजे इथल्या मुलीला मुंबईच्या मुलींशी झगडूनच संघात जागा मिळवायची. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. गर्दीच्या वेळी महिला डब्यात किट बॅग घेऊन चढायचं, बॅग कुणाच्या पायात येणार नाही अशी उभी धरायची, दादरला उतरून नेट गाठायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं. सामना सकाळी लवकर असला की निघावं लागतं पहाटेच. पालघरजवळच्या माहीम गावच्या शार्दूल ठाकूरला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी बोरिवलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, म्हणून त्याची ही पायपीट वाचली. तेरा वर्षांच्या मुलीला असं परक्या घरी ठेवायला किती आईबाप तयार होतील?

१२ जानेवारी २०२५ रोजी बंगळुरूजवळ आलूरला, १९ वर्षांखालील एकदिवसीय स्पर्धेत, दादरच्या शारदाश्रम शाळेतल्या चौदा वर्षांच्या इरा जाधवने मेघालयाविरुद्ध १५७ चेंडूंत नाबाद ३४६ धावा केल्या. ४२ चौकार, १६ षटकार. मुंबई ३ बाद ५६३. मेघालय सर्वबाद १९. इराचं कौतुक व्हायलाच हवं, ते झालंही. मला मात्र त्या १९ धावांविषयी बोलायचं आहे. सीझन बॉल रोज खेळायला मिळाला नाही की पन्नास षटकं उभं राहणं अशक्य होतं. टेनिस बॉलवर तयार झालेला हात उसळत्या चेंडूला बिचकतो, आणि उसळी खेळायची सवय एका शिबिरात लागत नाही. गुणी मुली पालघरमधल्या जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांतही आहेत. पण सरावाच्या बाबतीत त्या दादरपेक्षा मेघालयाला जवळ आहेत.

वरिष्ठ गटात साखळीत सहा-सात सामने मिळतात. गट पार झाला नाही की पन्नास षटकांचा सीझन तिथेच संपतो. पूर्वी सामन्याच्या दिवसाला २० हजार मिळत. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला आणि डिसेंबरात बीसीसीआयने अंतिम अकरातल्या खेळाडूचं मानधन ५० हजारांवर नेलं. सहा सामन्यांचे तीन लाख. तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाणारा बाप आता मुलीच्या क्रिकेटचा हिशेब मांडू शकतो. त्याच्या हिशेबात न बसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे रोजचा प्रवास. म्हणून माझी मागणी साधी आहे: मुलींच्या निवड चाचण्या पालघर-बोईसरला घ्या, आणि इथल्या एका मैदानावर आठवड्यातले तीन दिवस सीझन बॉलची नेट फक्त त्यांच्यासाठी लावा.