पूर्वजांचा माग

उर्दूत आपण ज्याला 'शजरा' म्हणतो, त्याला मराठीत 'वंशावळ' म्हणतात. वडील, आजोबा, पणजोबा अशी नावे मागे मागे शोधत गेले की वंशावळ तयार होते. पण एखाद्या लोकसमूहाला गावातूनच हाकलून दिले असेल, तर हा शोध कसा घ्यायचा?

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकेडिया नावाचा प्रदेश होता. सतराव्या शतकात फ्रान्समधून आलेले शेतकरी तेथे स्थायिक झाले. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि मागच्या जमिनीत शेती करायची, ही त्यांची रीत होती. १७१३ साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्यांनी मागितलेली बिनशर्त राजनिष्ठेची शपथ अकेडियन लोकांनी घेतली नाही. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्रां-प्रे गावातील पुरुष व मुलगे यांना चर्चमध्ये बोलावण्यात आले. तेथे त्यांना हद्दपारीचा हुकूम वाचून दाखवला आणि तेथेच कैद केले. घरे, जमिनी, गुरे सारे जप्त झाले. जहाजांवर चढवताना कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली. कोणी मॅसॅच्युसेट्सला गेले, कोणी मेरीलँडला. व्हर्जिनियाने तर आलेल्यांना ठेवून घेतले नाही. त्यांना इंग्लंडला पाठवले.

आज त्यांचे अनेक वंशज अमेरिकेतील लुईझियाना राज्यात राहतात. पूर्वज शोधताना त्यांना पहिली अडचण येते ती आडनावांची. इंग्रजी मुलखात काही 'लब्लां' लोकांचे 'व्हाइट' झाले, कारण दोन्हींचा अर्थ 'पांढरा'! अशा वेळी आईकडची नावे उपयोगी पडतात. जुन्या फ्रेंच नोंदींत लग्नानंतरही स्त्रीचे माहेरचे आडनाव लिहीत असत. १७८५ साली सात जहाजांतून सुमारे १६०० अकेडियन फ्रान्सहून लुईझियानात आले. त्यांच्या याद्याही सापडतात. त्यामागे जायचे तर १६७१ ची जनगणना आहे. तीत मुलांच्या वयांबरोबर घरची गुरे-मेंढ्याही मोजलेल्या आहेत.

मला सर्वांत मोलाची वाटते ती बेल-ईल या फ्रेंच बेटावरची नोंद. तेथे वसवलेल्या अकेडियन कुटुंबांकडे जन्म-विवाहांचे कागद नव्हते. म्हणून १७६७ साली कुटुंबप्रमुखांनी साक्षीदारांसमोर आपली वंशावळ आठवून सांगितली आणि ती लिहून घेण्यात आली. कोण कोठे जन्मले, कोणाशी लग्न झाले, भाऊ कोणत्या देशी गेला, असे सारे.

ग्रां-प्रेच्या चर्चमधील नोंदवह्या मात्र काही हद्दपार लोकांनी जहाजावर सोबत नेल्या. त्या आधी मेरीलँडला आणि तेथून लुईझियानात पोचल्या. आज त्या बॅटन रूज शहरात जपून ठेवलेल्या आहेत.