माथ्यावरचा चर, पायथ्याची विहीर

एक हिशेब करून पाहा. एक हेक्टर माळरान घ्या, म्हणजे साधारण अडीच एकर. त्यावर फक्त १ मिलिमीटर पाऊस पडला, नुसती भुरभुर, अंगातला सदराही धड भिजणार नाही इतकी. तेवढ्यात त्या हेक्टरावर किती पाणी आलं असेल? १०,००० लिटर! उन्हाळ्यात गावात येतो तो एक अख्खा टँकर.

आता हजार हेक्टर शिवाराचं आणि हजार लोकवस्तीचं एक दुष्काळी गाव धरा. वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर. म्हणजे गावावर वर्षभरात ४०० कोटी लिटर पाणी पडलं. माणशी वाटणी केली तर ४० लाख लिटर, दिवसाला जवळपास ११,००० लिटर. पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकत चालणाऱ्या आजीपर्यंत प्रत्येकाच्या नावानं आभाळ रोज एकेक टँकर पाठवतं, आणि एप्रिल उजाडला की तेच गाव रिकामे हंडे मांडून सरकारी टँकरची वाट बघत बसतं!

मग हे पाणी जातं कुठं?

हा प्रश्न राहात्यात उभं राहून विचारण्यासारखा आहे. गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या भिजवणीत इथल्या पेरूच्या बागा डोलतात. तिथून संगमनेरच्या बाजूला, कालव्याचं पाणी पोचत नाही अशा चढावर जा; माती पातळ होत जाते आणि दगडगोट्यांचे माळ सुरू होतात. जिल्हा एकच, अहिल्यानगर, म्हणजे आपलं जुनं अहमदनगर. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघरला, वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. राहात्याला पाचशेच्या आसपास. मधलं अंतर शंभर किलोमीटरही नाही! सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि उरलंसुरलं पूर्वेच्या वाट्याला येतं.

पण उरलंसुरलंसुद्धा किती असतं ते आपण आत्ताच मोजलं. खोट पावसात नाही. उघड्या माळावर पावसाचा टपोरा थेंब आदळतो, मातीचं ढेकूळ फोडतो आणि सुटलेले बारीक कण जमिनीच्या छिद्रांत जाऊन बसतात. वर पापुद्रा धरतो. पुढच्या सरीला आत शिरायला वाटच उरत नाही, मग पाणी उतार धरून पळत सुटतं. पळणाऱ्या पाण्याची ताकद कशी वाढते ते ऐकून थक्क व्हायला होतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही, ६४ पट होतं! म्हणूनच वीतभर ओहळ एका वळवात वावराचा बांध उचलून नेतो.

आता हाच नियम उलटा वाचा. वेग निम्मा केला की ताकद चौसष्टाव्या हिश्शावर येते. म्हणजे पाण्याला भिंत घालून कोंडायची गरजच नाही. त्याला नुसतं हळू करता आलं तरी निम्मी लढाई जिंकली. पळत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला आणि थांबलेल्याला जिरायला, असं आपल्याकडे पाणलोटाच्या कामावर जो तो म्हणतो. त्या बोलण्यात पदार्थविज्ञानाचा एक अख्खा धडा सामावला आहे.

जिरलेलं पाणी खाली राहतं कसं, हेही बघण्यासारखं आहे. भुईखाली नदी वाहत नसते. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे, थरावर थर. वरचा थर झिजून त्याचा मुरूम झाला, खालच्या कातळाला भेगा पडल्या. भाकरीवर ओतलेलं कालवण जसं कडेकडेनं आत मुरत जातं, तसं पाणी या मुरमात आणि भेगांत शिरतं आणि अगदी सावकाश उताराकडे सरकतं. माथ्यावर जुलैत मुरलेलं पाणी पायथ्याच्या विहिरीत महिन्यांनी झिरपू शकतं. विहीरवाल्याला ते कुणाच्या रानातून आलं, याचा पत्ताही नसतो.

१९४८ साली या मुलखात एक चोवीस वर्षांचा स्विस तरुण आला. हर्मन बाखर, जन्म १९२४, येशूसंघाचा म्हणजे जेझुइट संघाचा सदस्य. पुढे फादर झाला, अस्खलित मराठी बोलू लागला आणि नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत सहा दशकांच्या आसपास राबला. आल्प्सच्या कुशीतला, बर्फाच्या पाण्यावर वाढलेला माणूस नगरच्या माळावर येऊन काय करणार? आधी त्यानं लोकांचं ऐकलं, मग त्यांच्याबरोबर विहिरींच्या, उपसा सिंचनाच्या कामांमागं लागला. अहमदनगरला त्यानं सोशल सेंटर ही संस्था उभी केली.

मग आला १९७२चा दुष्काळ. तांबडी मिलो आणि सुकडी या दोन शब्दांनी तो दुष्काळ आजही ओळखला जातो. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरीनं आणि खडी फोडायच्या रोजगारानं लाखो जीव जगले, आणि त्या दानाबद्दल मी कधीच हलकं बोलणार नाही. भुकेल्यासमोर ताट आधी येतं, तत्त्वज्ञान नंतर. ख्रिस्ती मिशनांनीही एकोणिसाव्या शतकापासून दुष्काळांत धान्य वाटलं होतं. पण धान्य संपतं. खडीचा ढीग रस्त्यावर पसरला जातो. पुढच्या मृगात पाणी पुन्हा त्याच उघड्या उतारावरून, त्याच वेगानं पळतं. मग पुढच्या दुष्काळाला पुन्हा दान, पुन्हा हात पसरणं. ही साखळी तोडायची तर दान नेमकं कशाचं करायचं?

ख्रिस्ती माणसाच्या घरात हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. पौल हा केवढा मोठा प्रेषित, पण त्याचा धंदा तंबू शिवण्याचा. करिंथ शहरात सुवार्ता सांगत असताना तो हातानं राबून पोट भरत होता, आपला भार मंडळीवर पडू नये म्हणून. काम करायला नकार देणाऱ्यांना त्यानं थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहिताना खडसावलं आहे. आणि गंमत बघा, हाच पौल दुसरीकडे यरुशलेमच्या गरीब बंधुभगिनींसाठी गावोगावच्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करत फिरतो! एकाकडे आज जास्त आहे, दुसऱ्याकडे कमी. उद्या हे उलटंही होईल. तेव्हा आता समतोल साधा, असा त्याचा युक्तिवाद. स्वतःच्या हातचं काम आणि दुसऱ्यासाठी दिलेलं दान ही त्याच्या लेखी एकाच आयुष्याची दोन अंगं होती.

त्याहून मला चकित करते ती यरुशलेममधल्या पहिल्या मंडळीची हकीकत. विश्वासणारे आपलं किडूकमिडूक एकत्र करून राहत, रोज अन्नवाटप होई. पुढे तक्रार आली: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाटपात डावललं जातंय. आता प्रेषितांनी काय केलं? नुसत्या प्रेमाच्या गोष्टी सांगून विषय मिटवला नाही. सगळ्यांना बोलावलं आणि त्यांनाच सांगितलं, तुमच्यातली भरवशाची सात माणसं निवडा, वाटपाचं काम ती बघतील. प्रीतीला व्यवस्था लागते, सहभागितेला समिती लागते, हे त्या लोकांना पहिल्याच भांडणात कळलं होतं!

फादर बाखर यांच्या कामाकडे पाहताना ही सात माणसं सारखी डोळ्यांसमोर येतात. १९९०च्या दशकात भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम महाराष्ट्रात उभा राहिला. पैसा जर्मनीचा, इकडची धुरा नाबार्ड या बँकेची आणि कल्पनेमागचं बळ बाखर यांचं. १९९३मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे ‘वॉटर’ ही संस्था स्थापली. मदतीच्या अटी बघा. ग्रामसभेनं आधी पाणलोट समिती निवडायची. मोकळ्या जनावरांची चराई बंद, झाडावर कुऱ्हाड बंद. आणि अंगमेहनतीच्या कामाच्या खर्चातला किमान १६ टक्के हिस्सा गावानं श्रमदानातून उचलायचा. म्हणजे उन्हाळ्यात घराजवळ मजुरी मिळणार, पण त्यातला काही घाम गावासाठी फुकट सांडायचा. यातून सूट कुणाला? भूमिहीनांना आणि एकट्यानं संसार ओढणाऱ्या गरीब कुटुंबांना. ज्याच्या रानात पाणी येणार त्यानं द्यायचं, ज्याला रानच नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. न्यायाचा एवढा बारीक विचार एका सरकारी वाटणाऱ्या कलमात बसलेला असावा!

आता प्रत्यक्ष चर कसा आखतात ते जवळ जाऊन पाहू. दोन काठ्या, दोन्हींवर मोजपट्टी आणि त्यांना जोडणारी पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. बस्स, एवढंच यंत्र. एक जण काठी रोवून उभा राहतो, दुसरा उतारावर खालीवर सरकतो. नळीतलं पाणी डुचमळतं, स्थिरावतं. दोन्ही पट्ट्यांवर पाणी एकाच आकड्याला टेकलं की दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत हे नक्की. तिथं फक्कीची चिमूट टाकायची आणि पुढं सरकायचं. पाणी स्वतःच आपल्याला अडवायची रेषा आखून देतं! त्या रेषेवर चर खणायचा, माती खालच्या अंगाला रचायची आणि वरंब्यावर गवताचं बी पेरायचं. रेषा जराही तिरकी गेली तर चराचा पाट होतो आणि सगळं पाणी एका टोकाला धावून चर फोडतं. म्हणून नळी धरणाऱ्याचा हात सरळ आणि मन प्रामाणिक हवं. दिवस कलायला आला म्हणून दहा पावलं अंदाजानं टाकली, तर ते पहिल्या पावसात उघडं पडतं. कामातली लबाडी एवढ्या लवकर पकडणारा मुकादम दुसरा नसेल.

आणि ती रेषा कुठून कुठं जाते? ती सातबारा ओळखत नाही. एकाच्या रानातून निघते, भावकीत बांधावरून कज्जा चालू असलेल्या दोघांच्या वावरांतून जाते, गायरान ओलांडते. एकानं ‘माझ्या रानात चर नको’ म्हटलं की रेषा तुटते आणि खालच्या सगळ्यांचं काम वाया जातं. कामही वरूनच सुरू करावं लागतं, माथा ते पायथा. खालचा बंधारा आधी बांधला तर वरून आलेल्या गाळानं तो भरून जातो. म्हणजे पहिली कुदळ अशा जागी मारायची, जिथल्या माणसाला सर्वांत कमी फायदा. माथ्यावरचा आपली चराई सोडणार, घाम गाळणार, आणि विहीर भरणार पायथ्याच्याची!

हे लोकांनी मान्य का करावं? मला तरी या सगळ्या प्रकारातलं हेच सर्वांत मोठं नवल वाटतं.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला १९९६मध्ये काम सुरू झालं, तेव्हा मेंढपाळांचा चराईबंदीला सक्त विरोध होता. आणि तो रास्त होता. माळ हेच त्यांचं भांडवल. बैठकांवर बैठका झाल्या. मग संपूर्ण माळ एकदम बंद न करता तुकड्यातुकड्यानं बंद करायचं ठरलं. आखणीच्या वेळी गट नंबरागणिक शेतावर जायचं आणि घरच्या कारभारणीलाही सोबत घ्यायचं, ही या कार्यक्रमाची रीतच होती. जे कागदावर पटत नाही ते आपल्याच बांधावर उभं राहून पटतं. गाव हिंदू की ख्रिस्ती, याला इथं महत्त्व नव्हतं. फादरांनी आपल्या श्रद्धेतून जे आणलं ते उपासनेच्या घराबाहेर, उघड्या माळावर ठेवलं आणि गावानं ते आपल्या सावड-इरजिकीच्या जुन्या रिवाजात सहज मिसळून घेतलं.

पाच वर्षांनी काय दिसलं? पूर्वी दरेवाडीला एप्रिल ते जुलै टँकर लागे, तो थांबला. शेतीत वर्षाकाठी तीन-चार महिने काम मिळायचं, ते नऊ-दहा महिन्यांवर गेलं. पाऊस वाढला नव्हता. आभाळ तेवढंच देत होतं.

पण गोष्ट इथं संपत नाही, उलट अवघड होते. पाणी आलं की बोअर येतात. वीज जोडली, दोनशे-तीनशे फुटांवर पंप सोडला, की पाच वर्षं शंभर हातांनी मुरवलेलं पाणी एकजण दोन मोसमांत उपसू शकतो. भुईखालचं पाणी कुणाच्या बांधाखाली किती, हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ते कुणाचं हा वादही मिटत नाही. मुरवताना लागली त्याहून जास्त सहभागिता वापरताना लागते. म्हणून आता जिल्ह्यातली जागती गावं पाण्याचा ताळेबंद मांडतात. पावसाळा सरला की पर्जन्यमापकाची नोंद काढायची, विहिरींची पातळी मोजायची आणि ग्रामसभेत फळ्यावर बेरीज करायची: इतका पाऊस, इतकं मुरलं. त्यातून माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी आधी वजा. उरलेल्यात यंदा गहू किती एकर, हरभरा किती, कांदा परवडतो का, हे भर सभेत ठरतं. नगरजवळच्या हिवरे बाजारनं ही रीत वर्षानुवर्षं पाळून दाखवली आहे. कमी पावसाच्या वर्षी तिथं आधी पिकं बदलतात.