मांजरीचे सांधे आणि डब्यातील पावडर

घरातील मांजर दहा-बारा वर्षांची झाली की तिच्या वागण्यात बदल दिसू लागतात. पूर्वी एका उडीत कपाटावर जाणारी मांजर आता आधी खुर्चीवर, मग टेबलावर आणि तेथून कपाटावर चढते. पाठीवरचे केस चाटून साफ करत नाही, म्हणून त्यांचा गुंता होतो. कधी ट्रेच्या बाहेरच लघवी करते आणि आपण तिला रागावतो. ‘म्हातारी झाली’ म्हणून आपण विषय सोडून देतो. पण पुष्कळदा हे सांध्यांचे दुखणे असते.

मांजर दुखणे लपवते. ती सहसा लंगडत नाही, ओरडत तर नाहीच. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील १०० मांजरींचे एक्स-रे तपासले गेले. त्यांपैकी ९० मांजरींच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज आढळली.

डब्यात काय असते?

दुकानात सांध्यांसाठी पावडरी, गोळ्या आणि तेले मिळतात. त्यांत बहुधा ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन असते. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून तयार होते. कॉन्ड्रॉइटिन गाय-बैल, डुक्कर किंवा शार्क माशाच्या कूर्चेपासून काढतात. म्हणून ते कशापासून बनवले आहे हे घरात आणण्यापूर्वी लेबलवर वाचावे, तेथे लिहिलेले नसेल तर कंपनीला विचारावे.

या दोन घटकांचा खरोखर किती उपयोग होतो? २०२२ साली कुत्रे आणि मांजरींवरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात या जोडीचा वेदना कमी करण्यास फायदा दिसला नाही. माशाच्या तेलातील ओमेगा-३ चा मात्र दिसला. जवसाच्या तेलातही ओमेगा-३ असते, परंतु ते वेगळ्या प्रकारचे असते आणि मांजरीच्या शरीराला त्याचा फारसा उपयोग करून घेता येत नाही. कॉड लिव्हर ऑइल हे साधे माशाचे तेल नव्हे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे फार असतात, ती साठून अपाय होतो. रोज कलेजी खाऊ घातल्यानेही अ जीवनसत्त्व वाढून मांजरीची मान आखडते. माशाच्या तेलाचे प्रमाण पशुवैद्याने वजन पाहून ठरवावे.

पावडरीआधी वजन

अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर एक प्रयोग झाला. निम्म्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले. कमी खाणाऱ्यांना सांध्यांचा त्रास उशिरा सुरू झाला आणि ते साधारण पावणेदोन वर्षे जास्त जगले. महागड्या डब्यापेक्षा वाटीतील माप अधिक काम करते. मात्र मांजरीचे खाणे एकदम बंद करू नये. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिली तर तिचे यकृत बिघडते. दस्तरखानावरून घरातला प्रत्येक जण एकेक घास देतो, तो आधी थांबवावा. बिर्याणीतील कांदा-लसूण तर तिला विषच.

ही चूक जिवावर बेतते

मांजरीला वेदना होतात म्हणून आपल्या डब्यातील पॅरासिटामॉलची पाव गोळी देणारे लोक आहेत. देणाऱ्याच्या मनात दयाच असते. परंतु मांजरीचे यकृत हे औषध निकामी करू शकत नाही, आणि एवढ्याशा तुकड्यानेही ती दगावू शकते. आयब्युप्रोफेनही तितकेच घातक. चुकून पोटात गेले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. वेदनेवर मांजरीसाठीची वेगळी औषधे पशुवैद्याकडे असतात.

घरी आपण एवढे करू शकतो: ट्रेची एक कड कापून खाली करावी, पाण्याचे भांडे जवळ ठेवावे, आवडत्या जागेखाली एखादी पेटी पायरी म्हणून ठेवावी आणि थंडीत उबदार गोधडी घालावी. पूरक आहार सुरू केला तर दोन महिने नीट लक्ष ठेवावे. ती पुन्हा उडी मारते का, अंग चाटते का, हे लिहून ठेवावे. फरक नसेल तर तो खर्च थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते ओळखणे आपल्याकडेच आहे.