रद्दीची टोपली, लुगड्याचे खिसे आणि आजोबांचा दाखला

मृगाच्या पहिल्या सरी आल्या की लहान घरातील सामानाची खरी परीक्षा सुरू होते. भिंतीला ओल चढते, पत्र्याच्या सांध्यातून थेंब गळतो आणि कोपऱ्यातले गाठोडे बाजेखाली, बाजेखालची पेटी माळ्यावर अशी फिराफिर चालते. वर्धा-नागपूर लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) येथे आणि आजूबाजूच्या खेड्यांत दोन खोल्यांच्या संसाराची हीच कथा आहे. ज्यांच्याकडे थोडी शेती आहे त्यांच्या घरी कापूस आला की अर्धी खोली त्याचीच होते. मग तुरीची पोती येतात. तान्हा पोळ्यासाठी सिंदीचे नाव दूरवर आहे. त्या दिवसासाठी जपलेला पोरांचा लाकडी बैलसुद्धा उरलेले वर्ष कुठेतरी ठेवावाच लागतो. कपाट घ्यावे तर पैसा हवा, आणि पैसा असला तरी ते उभे करायला भिंत मोकळी हवी. तेव्हा रद्दी, जुने लुगडे आणि रिकामे डबे यांतून काय काय करता येते ते भगिनींसाठी येथे देत आहोत.

आपल्या आज्या-पणज्यांना हे सारे येत होते. तुराट्या किंवा बांबूच्या कांबी विणून, शेणमातीने लिंपून धान्याची कणगी उभी राही. मडक्यावर मडके चढवून उतरंड होई. मांजर-उंदरांपासून दूध वाचवायला आढ्याला शिंके टांगलेले असे. मात्र त्या दिवसांचे गोडवे गाण्याची आम्हांला हौस नाही. त्या काळी टोपली बुरुडाने विणायची, मडके कुंभाराने घडवायचे आणि दोर कोणी वळायचा, हे सारे जातीने ठरवून दिले होते. हातातली कला चांगली होती, तिच्या गळ्यात अडकवलेली जात वाईट होती. स्वतःच्या घरासाठी स्वतःच्या हाताने केलेल्या टोपलीला मात्र कोणाचे बलुते चिकटत नाही. ती कोणीही करावी, पुरुषांनीही करावी.

सुरुवात रद्दीच्या टोपलीपासून करू. ही टोपली महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होत असे आणि आजही जुन्या घरांत ती सापडते. किलोभर वर्तमानपत्राची रद्दी, किंवा परीक्षा संपल्यावर उरलेल्या वह्या घ्याव्यात. वह्यांच्या पिना आधी काढाव्यात, नाहीतर कांडताना हाताला लागतात. कागदाचे बारीक तुकडे करून बादलीत दोन-तीन दिवस भिजत ठेवावेत आणि पाणी रोज बदलावे. दुसरीकडे पावभर मेथीदाणे रात्री भिजत घालून सकाळी पाट्यावर गुळगुळीत वाटावेत. मेथीला भिजल्यावर जो चिकटपणा येतो तोच येथे सरसाचे काम करतो, आणि तिच्या कडूपणाने किडाही टोपलीच्या वाटेस सहसा जात नाही. भिजलेला कागद पिळून उखळात कांडावा, मेथी मिसळून पुन्हा कांडावा. कणकेसारखा गोळा झाला आणि दोन बोटांत दाबल्यावर धागा सुटला नाही, म्हणजे लगदा तयार.

आता एक गंज किंवा गुंड पालथा घालून त्यावर जुने ओले फडके पसरावे. हे फडके विसरू नये. ते नसले तर टोपली भांड्याला धरून बसते. लगदा तळापासून खाली थापत यावा, जाडी करंगळीएवढी असावी. काठ थोडा अधिक जाड ठेवावा, कारण टोपली उचलताना पहिला ताण काठावरच येतो. ऊन चांगले असेल तर दोन दिवसांनी भांडे काढून घ्यावे आणि टोपली आतून आणखी तीन-चार दिवस वाळवावी. पावसाळ्यात हा उद्योग करू नये, लगद्याला बुरशी धरते. वैशाखाचे ऊन यासाठी उत्तम. ते गेले असेल तर दिवाळीनंतर करावे. वाळल्यावर वरून खळीने पांढरा कागद चिकटवून घेतला की टोपली देखणी दिसते. सुका लसूण, सुई-दोरा, लोकरीचे गुंडे, मुलांचे रंग, अगदी तान्हा पोळ्याचा बैलही जुन्या धोतरात गुंडाळून तीत नीट राहतो.

भाकरी किंवा तळलेले पदार्थ मात्र तीत ठेवू नयेत. पूर्वीच्या टोपलीत साधा कागद असे, आज छापील असतो. छपाईच्या शाईतील द्रव्ये आरोग्यास घातक असल्याने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत अशी सूचना देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली दिली होती, आणि २०१८ च्या नियमांनी तशी बंदीच घातली.

कागदाचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातकागदाचे काम केले आणि त्यामागे जे. सी. कुमारप्पा यांची मेहनत होती. मगन संग्रहालय १९३८ पासून तेथे उभे आहे. गांधीजींच्या ग्रामविचाराशी आपले मतभेद जगजाहीर आहेत आणि ते राहतीलच. पण चिंधीचा कागद कसा होतो हे मुलांना डोळ्यांनी दाखवायचे तर जिल्ह्यातच सोय आहे, ती का सोडावी?

पंधरा किलो तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा तर घरोघरी असतो. वरचा पत्रा पूर्ण कापून, कडा आत वळवून आणि कानशीने घासून घ्याव्यात. पत्रेकाम करणाऱ्याकडून बिजागरीचे झाकण बसवून घेतले तर थोडक्या पैशांत उंदीर-पुराव्याची चिंता मिटते. कढत पाणी व धुण्याच्या सोड्याने दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच डाळ भरावी. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकावा. ओला पाला टाकल्यास डाळीला बुरा येतो.

येथे आम्हांला जरा कठोर बोलावे लागेल. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही सुबक असो, तो घरात आणू नये. आपला भाग कापसाचा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, हे कोणी विसरलेले नाही. अशा डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी डबा विषाचाच. तो फोडून वस्तीपासून दूर पुरावा असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच म्हटले आहे. मजुरीवर जाणाऱ्या भगिनींना शेतमालक असा डबा पाण्यासाठी म्हणून देतो. स्पष्ट नाही म्हणावे. युरियाची पोतीही धान्याला वापरू नयेत. धुऊन त्यांचा दुसरा उपयोग होतो, तो आता सांगतो.

हा उपयोग म्हणजे भिंतीवरची खिशांची पिशवी. धुतलेल्या पोत्याचा तीन फूट लांब व दोन फूट रुंद तुकडा पाठीला घ्यावा, म्हणजे भिंतीची ओल आत येत नाही. त्यावर जुन्या सुती लुगड्याचा दुहेरी पदर शिवावा. खिसा दहा इंच रुंद आणि चौदा इंच उंच करावा. शाळा-कचेरीचा नेहमीचा कागद न दुमडता त्यात बसतो. असे दोन खाली, दोन वर. प्रत्येकाला वरून झाकणारी पट्टी व नाडी. वरच्या काठात बांबूची कांब ओवली की पिशवी खिळ्यावर सरळ टांगते, आणि घरात पाणी शिरले तर एका हाताने काढून नेता येते. खिशावर रंगीत दोऱ्याने नाव घालावे.

हे खिसे फणी-आरशासाठी नव्हेत, कागदांसाठी आहेत. आपल्या समाजात भांडी चकचकीत आणि दाखले उंदरांच्या तोंडी, असे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांचा शाळेतील दाखल-खारीजचा उतारा, कोतवाल बुकातील जन्माची नोंद, शेताचा जुना कागद, नोकरीत असलेल्या काकांचे सेवापुस्तक, यांतले काही ना काही लागतेच. त्या तारखेला वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला. म्हणून दुसऱ्या राज्याचा शिक्का पाहून कागद टाकाऊ समजू नये, तोच सर्वांत मोलाचा असू शकतो. आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. आजोबांच्या नोंदीत 'महार' आणि नातवाच्या नोंदीत 'बौद्ध' असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण आजोबा ते नातू ही साखळी एकेका कागदानेच जुळते. मधली एक कडी वाळवीने खाल्ली, तर प्रवेशाच्या ऐन वेळी मुलाला शाळा-तहसिलीचे उंबरे झिजवावे लागतात. आता शासनाच्या डिजिलॉकरमध्ये नवी प्रमाणपत्रे मिळतात, ही चांगली सोय आहे. पणजोबांचा उतारा मात्र तेथे आपोआप येत नाही.

मूळ कागदाला प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करू नये. एकदा तापवून चिकटवलेले पुन्हा सुटत नाही. टाचण्या काढाव्यात, त्यांचा गंज कागद खातो. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल कोंडते, सुती कापडात कागद श्वास घेतो. डांबरगोळ्या लहान मुलांच्या घरात नकोत, त्या विषारी असतात. जपणूक किती कठीण असते ते नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनात जाऊन पाहावे. वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नांनी तेथे बाबासाहेबांचे कपडे व इतर वस्तू राहिल्या. कापड काळाने विरते, म्हणून त्यांवर तज्ज्ञांकडून रासायनिक प्रक्रिया करून घ्यावी लागली. आपल्या घरी तसे तज्ज्ञ येणार नाहीत. आपल्याकडे लुगड्याचा खिसा आहे आणि वर्षातून दोनदा कागद सावलीत पसरण्याची सवड आहे.

पिशवीतील कागदांची यादी पेन्सिलीने लिहून वरच्या खिशात ठेवावी आणि प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढाव्यात. एक प्रत सासरी गेलेल्या लेकीकडे द्यावी. लग्नानंतरही तिची जात वडिलांच्याच कागदांवरून सिद्ध होते. नोकरीसाठी किंवा सरपंचपदाच्या राखीव जागेसाठी अर्ज भरताना तिला माहेरी धाव घ्यावी लागते, आणि अर्जाची मुदत बहुधा दोन-चार दिवसांचीच उरलेली असते.