क्षयाचें निदान : दोन महिन्यांपासून दोन तासांपर्यंत

गोदावरीच्या उत्तर तीरावर, जालना जिल्ह्यांतील अंबड तालुक्यांत शहागड हें गांव वसलेलें आहे. धुळ्याहून सोलापुरास जाणारा राजरस्ता येथेंच नदी ओलांडून बीड जिल्ह्यांत उतरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास या दोन्ही जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांचीं कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. अशा एखाद्या माणसास निघण्यापूर्वी तीन आठवड्यांचा खोकला असला, संध्याकाळीं अंगांत कसर भरत असली, तर त्याच्या बेडक्याच्या तपासणीचा निकाल किती दिवसांत हातीं येतो हा केवळ प्रयोगशाळेचा प्रश्न राहत नाहीं. निकाल दोन महिन्यांनीं आला, तर तो ऐकावयास रोगी गांवांत असणार नाहीं. दूरच्या एखाद्या फडाशेजारीं, लहानशा कोपींत तो बायकामुलांसह निजत असेल. फुप्फुसाच्या क्षयाचा एक रोगी उपचाराविना राहिला, तर वर्षभरांत निकटच्या सहवासांतील पांच ते पंधरा जणांस तो रोगजंतु देऊं शकतो, असें जागतिक आरोग्य संघटनेचें अनुमान आहे. म्हणून क्षयाच्या बाबतींत परीक्षेचें मोल तिच्या अचूकपणाइतकेंच तिच्या वेगावरही अवलंबून असतें.

हा वेग इतकीं वर्षें कां साधला नाहीं, याचें कारण त्या जंतूच्या स्वभावांत आहे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें. तेव्हांपासून शतकाहून अधिक काळ बेडका कांचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें हीच मुख्य परीक्षा होती. ती स्वस्त आहे व त्याच दिवशीं निकाल देते. परंतु एक मिलिलिटर बेडक्यांत सुमारें पांच ते दहा हजार जंतु असल्याखेरीज ते डोळ्यांस सहसा दिसत नाहींत. त्याहून कमी जंतु असलेला रोगी ‘निरोगी’ ठरून घरीं जातो. शिवाय दिसलेला जंतु कोणत्या औषधास दाद देईल आणि कोणत्या औषधास देणार नाहीं, हें सूक्ष्मदर्शक सांगूं शकत नाहीं.

दुसरी पद्धति जंतूची पैदास करण्याची. ती अधिक खात्रीची. पण आंतड्यांतील कित्येक सामान्य जंतु वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, तर क्षयाच्या जंतूस त्यासाठीं पंधरा ते वीस तास लागतात. त्यामुळें घन पोषकद्रव्यावर त्याची दिसण्याजोगी वाढ होण्यास सहा-आठ आठवडे जातात, आणि औषधांची परीक्षा त्यानंतर.

ही कोंडी फोडली ती जंतु वाढविण्याऐवजीं त्याचें जनुकच वाढविण्याच्या युक्तीनें. १९८३ सालीं अमेरिकेंत कॅरी मलिस यांनीं ‘पी. सी. आर.’ ही प्रक्रिया शोधून काढली. तीबद्दल १९९३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पोतेंभर ज्वारींत एक खडा हुडकणें कठीण. परंतु त्या एका खड्याच्या कोट्यवधि प्रती निर्माण करतां आल्या, तर पोत्यांत हात घालतांच तो लागेल. या प्रक्रियेंत जंतूच्या जनुकाचा ठराविक तुकडा तापवून व निववून दर फेरीस दुप्पट केला जातो. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर होतात, आणि त्यांना चिकटणारें रंगद्रव्य चमकूं लागतें. जंतु नसेल, तर चमक येत नाहीं.

याच युक्तीनें औषधाचाही प्रश्न सुटतो. रिफाम्पिसिन हें क्षयावरील प्रमुख औषध. ज्या जनुकांत बदल झाल्यानें जंतु या औषधास जुमानेनासा होतो, त्याचा अवघा ८१ अक्षरांचा एक भाग आहे. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकीं सुमारें ९५ टक्क्यांत दोष त्याच भागांत आढळतो. तेवढा भाग वाचला कीं नेहमींचीं औषधें चालतील कीं दुसरीं द्यावीं लागतील, हें बहुधा त्याच दिवशीं कळतें.

या तत्त्वावरील ‘जीनएक्स्पर्ट’ यंत्राची मोठी कसोटी ज्या पांच शहरांत झाली, त्यांत लिमा, बाकू, केपटाऊन व डर्बन यांच्या बरोबरीनें मुंबई होती. येथील काम हिंदुजा रुग्णालयांत झालें. १,७३० संशयित रोग्यांवरील हे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले. सूक्ष्मदर्शकाखालीं जंतु दिसलेल्या ५६१ रोग्यांपैकीं ५५१ जण एकाच तपासणींत सांपडले. आणि सूक्ष्मदर्शकास न दिसलेल्या, परंतु पैदाशीनें क्षयी ठरलेल्या १७१ रोग्यांपैकीं १२४ जण या यंत्रानें ओळखले. वेळ लागला दोन तासांहून कमी. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जागतिक आरोग्य संघटनेनें या परीक्षेस मान्यता दिली.

निदान उशिरां किंवा अपुरें झाल्यास काय होतें, याचा दाखला त्याच रुग्णालयानें पुढें दिला. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं जवळजवळ कोणत्याही उपलब्ध औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी २०११ च्या अखेरीस वैद्यकीय जगापुढें मांडले. त्यांतील तिघांना निरनिराळ्या खासगी डॉक्टरांकडून एकेक औषध वाढवीत, पुष्कळदां चुकीच्या प्रमाणांत, उपचार मिळाले होते. अंधारांत मारलेला बाण जंतूला लागत नाहीं. तो जंतूस सावध मात्र करतो.

मात्र जीनएक्स्पर्टला अखंड वीज लागते आणि थंड खोली लागते. मराठवाड्यांतील उन्हाळा व विजेचा लपंडाव यांना तें यंत्र सोसेना. जिल्ह्याच्या ठिकाणीं यंत्र आणि शहागडसारख्या गांवीं रोगी, अशा स्थितींत दोन तासांच्या परीक्षेला पुन्हां कित्येक दिवस लागूं शकतात. या अडचणीवर उत्तर शोधलें बंगळूरच्या बिगटेक व गोव्याच्या मोल्बायो या संस्थांनीं. त्यांचें ‘ट्रूनॅट’ यंत्र टेबलावर मावतें, विद्युतघटावर चालतें आणि त्याची परीक्षा एका लहान चकतीवर होते. सुमारें तासाभरांत क्षय आहे कीं नाहीं हें कळतें, आणि असल्यास आणखी तासाभरांत रिफाम्पिसिनबद्दलचें उत्तर मिळतें. २०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यासही मान्यता दिली. त्याच वर्षीं कोविडच्या तपासणीसाठींही हीं यंत्रें देशभर राबलीं.

परंतु वेग म्हणजेच सत्य, असा समज करून घेणें घातक होय. क्षयाकरितां रक्तांतील प्रतिद्रव्यें पाहणाऱ्या झटपट परीक्षा भारतांत एके काळीं खासगी प्रयोगशाळांत सर्रास होत. रक्तांतील खूण जुन्या संसर्गाचीही असूं शकते. त्यामुळें निरोगी माणसें रोगी ठरत आणि रोगी सुटून जात. २०११ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला व २०१२ सालीं भारत सरकारनें त्यांवर बंदी घातली. नव्या यंत्रांनाही मर्यादा आहेत. मेलेल्या जंतूचें जनुकही तीं मोजतात, म्हणून पूर्वीं बरा झालेला रोगी त्यांस कधीं पुन्हां रोगी भासतो. उपचार लागू पडला कीं नाहीं, हें पाहण्यास सूक्ष्मदर्शक व पैदास यांचाच आधार घ्यावा लागतो. लहान मुलांस बेडका काढतां येत नाहीं, आणि नकारार्थी निकालानें क्षय नाहींच असें सिद्ध होत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनींही हा विषय दूरचा समजूं नये; जगांतील सुमारें चतुर्थांश क्षयरोगी भारतांत आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, बारीक ताप, घटणारें वजन हीं लक्षणें घरांतील कोणांत दिसोत वा घरकामास येणाऱ्या बाईंत, बेडक्याची जनुकीय तपासणी व्हावी असा आग्रह धरणें योग्य. तत्पूर्वीं औषधाच्या दुकानांतून परस्पर प्रतिजैविकें आणून घेऊं नयेत. त्यांतील कांहींं क्षयाला थोपवून धरतात, त्यामुळें लक्षणें दबतात आणि निदान लांबतें. सरकारी केंद्रांत तपासणी व औषधें विनामूल्य मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठीं रोग्यास दरमहा १,००० रुपये देण्याची योजना आहे. नेहमींचा क्षय सहा महिन्यांच्या औषधांनीं बरा होतो.

यंत्र दोन तासांत उत्तर देतें. परंतु ते दोन तास सुरू होतात बेडका यंत्रापाशीं पोंचल्यावर. पहिल्या खोकल्यापासून त्या क्षणापर्यंतचे आठवडे वांचविणें हें काम रोग्याचें, त्याच्या घरच्यांचें आणि गांवच्या आरोग्यसेविकेचें आहे.