चिरेबंदी घर आणि रुसलेलं वाय-फाय

गणपतीला रत्नागिरीत येणाऱ्या चाकरमान्यांना हल्ली गाडीच्या रिझर्व्हेशनइतकंच टेन्शन असतं ते घरच्या वाय-फायचं. हिशोब सरळ आहे. वाय-फाय नीट चाललं, तर गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावरही आठवडाभर घरून काम करता येतं. नाही चाललं, तर दुसऱ्याच दिवशी बॅग भरायची आणि आईने ‘लगेच निघायचं?’ म्हणायच्या आत रिक्षात बसायचं. म्हणजे बघा, आई-बाबांसोबतचे तुमचे सात-आठ दिवस एका अँटेनावाल्या डबीवर अवलंबून!

आणि ही डबी रुसते ती नेमकी सोमवारी सकाळी, मीटिंगच्या वेळी. मोबाइलवर नेट झकास, लॅपटॉपवर मात्र गोल फिरणारं चक्र. मग घरातला प्रत्येक जण एक्स्पर्ट होतो. बाबा म्हणतात, ‘बंद करून चालू कर.’ (हसू नका, निम्म्या वेळा हाच उपाय लागू पडतो. फक्त बंद केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा आणि चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं धीर धरा.)

तेवढ्याने भागलं नाही, तर कस्टमर केअरला फोन लावण्याआधी एक गोष्ट ठरवा, रस्ता नेमका कुठे तुटलाय? लॅपटॉप ते राउटर हा एक रस्ता, राउटर ते बाहेरचं जग हा दुसरा. फायबरच्या डबीवर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल दिसत असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. कुठेतरी फांदी पडून तार तुटली असेल. अशा वेळी लॅपटॉपशी झटापट म्हणजे निव्वळ टाइमपास. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड-दापोलीकडे विजेचे खांबच आडवे झाले होते, तिथे कुठली सेटिंग कामाला येणार!

लाल दिवा नाही आणि मोबाइल त्याच वाय-फायवर चालतोय? (मोबाइल डेटा बंद करून बघा, नाहीतर फसाल.) मग घोळ लॅपटॉपकडे आहे. चुकून एअरप्लेन मोडचं बटण दाबलं गेलंय का बघा. नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका. ऑफिसचा व्हीपीएन क्षणभर बंद करा. ‘कनेक्टेड’ दिसतंय पण साइट उघडत नाही, तर लॅपटॉपची तारीख-वेळ तपासा. ती चुकली असेल, तर सुरक्षित साइट्स तुम्हाला दारातच अडवतात. विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केल्यावर पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर समजा की राउटरने तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही रीस्टार्ट!

हे सगळं करूनही ओटीवर फुल रेंज आणि मागच्या खोलीत शून्य? तर मग खरा व्हिलन समोरच उभा आहे. जांभ्याची भिंत!

आपल्या जुन्या घरांच्या भिंती फूट-दीड फूट जाडीच्या. दगडाला भोकंच भोकं, त्यामुळे तो पाणी पितो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रेडिओलहरी शोषायला पाणी पटाईत, त्यामुळे ओलावलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते. मे महिन्यात मागच्या खोलीत जेमतेम चालणारं वाय-फाय गणपतीत गायब होतं, ते उगाच नाही.

इथे राउटरचे दोन पट्टे समजून घ्या. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे नांगी टाकणारा. २.४ गिगाहर्ट्झ हळू, पण चिवट. बऱ्याच राउटरवर दोघांना एकच नाव दिलेलं असतं आणि लॅपटॉप दुबळ्या ५ ला चिकटून बसतो. सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या आणि भिंतीआडच्या खोलीत २.४ वापरा. (जुन्या लॅपटॉपला ५ वालं नेटवर्क दिसतच नाही. तो बिघडलेला नसतो, म्हातारा असतो.) नाचणे रोडच्या फ्लॅटमध्ये राहत असाल, तर तुमची अडचण उलटी असू शकते. भिंती पातळ आणि शेजाऱ्यांचे राउटर डझनभर. हा २.४ चा पट्टा भारतात २००५ साली विनापरवाना वापराला खुला झाला आणि आता त्यात सगळ्यांचीच गर्दी, अगदी मायक्रोवेव्ह ओव्हनचीसुद्धा! तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो निवडा.

चिरेबंदी घरात मात्र राउटर टीव्हीमागून किंवा लोखंडी कपाटाशेजारून हलवा. माजघरात, उंचावर, दारांच्या रेषेत ठेवा. सिग्नलही आपल्यासारखाच, दार उघडं असेल तर भिंतीतून कशाला जाईल? रिपीटर घेतलात तर तो रेंज नसलेल्या खोलीत लावू नका, अर्ध्या वाटेवर लावा. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? माझं मत विचाराल तर सरळ लॅन केबल ओढा. १०० मीटरपर्यंत ती निवांत चालते आणि भिंतीत एक भोक पाडायला बाबांना राजी केलं की काम झालं. बाबांना राजी करणं हेच कठीण, ते सोडा.

राहता राहिली वीज. लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राउटर मात्र मान टाकतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवून घ्या. आणि बॅटरीवर गेल्यावर नेट मंदावलं, तर लॅपटॉपचा पॉवर सेव्हर बघा, तो वाय-फायचीही काटकसर करतो.

विजा कडाडायला लागल्या तर मात्र सगळे प्लग काढा. फायबरमध्ये सिग्नल प्रकाशाचा असतो, पण अडॅप्टर विजेच्या लाइनवरच असतो. मुंबईच्या टीमला मोबाइलवरून एक मेसेज टाका, ‘वीज कडाडतेय, अर्ध्या तासात येते’, आणि तोवर आईबरोबर चहा घ्या.